चेन काढ गं

१

चेनवाले काकांच्या घराला बेल होती, चांगली खणखणीत वाजायची, पण काकांनी ती जन्मात कधी दाबली नाही. संध्याकाळी दुकान आवरून ते तीन मजले चढत, दारासमोर उभे राहून थोडा दम खात आणि मग हातातली पकड उलटी धरून दारावर हाणत. टक टक, टक. त्यामागोमाग आवाज यायचा, "चेन काढ गं."

आतून काकू म्हणायच्या, "साखळी."

"तेच ते."

"तेच ते नव्हे. दाराला साखळी असते."

"अगं, पाय मोडलेत माझे. आधी काढ, मग शिकव."

रोजचं होतं हे. समोरच्या घरातल्या लोकांना इतकं पाठ झालं होतं की काकांना यायला उशीर झाला तर त्यांनाच चुकल्यासारखं वाटायचं.

काकांचा धंदा चेन बसवण्याचा. बसस्टँडच्या भिंतीला लागून त्यांचा एक कोनाडा होता. तिथे बसून ते बॅगांच्या, पर्सच्या, जॅकेटांच्या, पँटींच्या चेन दुरुस्त करत. अर्ध्या गावाची अब्रू माझ्या हातात आहे, असं ते म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. पण धंद्यातला हा एक शब्द त्यांनी सगळ्या जगाला लावून टाकला होता. सायकलला चेन, कुत्र्याला चेन, आगगाडीत ओढतात ती चेन, काकूंच्या गळ्यात चेन आणि दाराला आतून लावतात तीही चेनच. दुकानावरची पाटीसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवली होती, 'येथे सर्व प्रकारच्या चैन बसवून मिळतील'.

आता काकू कोण, तर छापखान्याची मुद्रितं तपासणाऱ्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. अशा बाईच्या नवऱ्याच्या दुकानावर ही पाटी! लोक तुमच्याकडे चैन करायला येतात का, असं त्या विचारायच्या. काका म्हणायचे, येऊ देत की, जागा थोडी अपुरी पडेल एवढंच. एकदा फारच डिवचल्यावर मात्र ते हातातलं काम खाली ठेवून म्हणाले होते, "हे बघ. दोन बाजू एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून मधे जे घालतात, ती चेन. मला एवढं पुरतं."

व्याख्या वाईट नाही, काकू म्हणाल्या, पण शब्द चुकला. आणि मग चिडून म्हणाल्या की बाई गं, या माणसाच्या तोंडून एकदा तरी नीट शब्द ऐकू दे, मग मी सुखानं डोळे मिटीन. रागाच्या भरात माणूस बोलून जातो. काकू तर काय, रोजच बोलायच्या.

२

त्या दिवशी काकू छापखान्यात गेल्या होत्या. शाळेच्या मुलांसाठी एक शब्दकोश निघायचा होता आणि काम 'स'पर्यंत आलं होतं. योगायोग असा की नेमकं 'साखळी'चं पान त्यांच्या हाती पडलं. कड्यांची माळ, दाराची कडी, पायातला दागिना, जमीन मोजायचं माप, डोंगरांची रांग, एकातून एक घडत जाणाऱ्या गोष्टी. काकूंनी ते सगळं आवडीनं वाचलं. घरी गेल्यावर यांना वाचून दाखवायला हवं, असं त्यांच्या मनात आलं.

दुपार कलली तशा त्या घरी आल्या. किल्ली फिरवली, दार ढकललं, तर दार चार बोटं उघडून अडलं. आतून साखळी लावलेली. काकू दचकल्या, कारण घरात कोणी असायलाच नको होतं.

"थांब हं," आतून काकांचा आवाज आला, "साखळी काढतो."

काकूंना आधी दचकल्याचा राग आला आणि मग एकदम हसू फुटलं. दार उघडलं. समोर काका उभे, हातपाय धुतलेले, केस नीट बसवलेले.

"काय म्हणालात?"

"साखळी काढतो म्हणालो. का?"

का म्हणे! काकूंना वाटलं, पेढे वाटावेत. इतकी वर्षं दगडावर डोकं आपटलं ते आज कुठे फळाला आलं. त्यांनी चहा टाकला आणि दोनदा साखर घातली, इतक्या त्या खुशीत होत्या. काका खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. आज लवकर कसे, असं विचारलं तर म्हणाले, आवरलं. आता रोजच आवरावं म्हणतो. पुरे झालं ते दुकान.

हेही काकूंच्या मनातलंच. त्या कोनाड्यात वाकून वाकून यांची पाठ धनुष्य झाली होती, दुकान बंद करा म्हणून त्या गेली कित्येक वर्षं मागे लागल्या होत्या. म्हणजे एकाच दिवशी दोन्ही इच्छा पुऱ्या. काकूंनी चहाचा कप काकांच्या हातात दिला. देताना त्यांची नजर काकांच्या अंगठ्यावर गेली. अडलेली चेन सरकावी म्हणून काका तिच्यावर पेन्सिल घासत, त्यामुळे त्यांचा उजवा अंगठा कायम काळा असे. साबण लावा, राख लावा, तो डाग जात नसे. आज अंगठा स्वच्छ होता, नखाच्या कडेपर्यंत.

कशानं घासला असेल एवढा, असं काकूंच्या मनात येऊन गेलं. पण स्वच्छ हाताची तक्रार कोणती बायको करते?

बाहेर अंधारून आलं तसे त्यांनी दिवे लावले. जिन्यातला दिवा मात्र गेला होता, दाराखालच्या फटीतून रोज येणारी उजेडाची रेघ आज नव्हती. काका खुर्चीतच होते. काकू कपडे घड्या करत होत्या. आणि जिन्यावर पावलं वाजली. जड, एकेक पायरी मोजून चढणारी. ती दारासमोर थांबली. कोणीतरी दम खात उभं राहिलं.

टक टक, टक.

"चेन काढ गं."

काकूंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका वर्तमानपत्रावरून त्यांच्याकडे पाहत होते. घाबरून नाही, चकित होऊन नाही. काकूंना ऐकू आलं की नाही, एवढंच जणू त्यांना बघायचं होतं.

३

माणसाचं डोकं मोठं सोयीचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काकूंनी सगळं पटवून घेतलं होतं. रोज त्या वेळेला तोच आवाज ऐकायची कानाला सवय. आवाज आला नाही तर कान आपलाच तयार करतो. मुद्रित तपासताना तरी काय होतं? पाठ झालेल्या ओळीत एखादा शब्द गळला तरी डोळा तो भरून वाचतो. तसंच हे. त्या मनाशी म्हणाल्या, वय झालं बाई तुझं.

पण दुसऱ्या संध्याकाळीही टक टक झाली. तिसऱ्याही. कान शब्द भरून ऐकतो म्हणावं तर दार कसं हलतं? कारण दार हलत होतं. पकड आपटली की साखळी तिच्या खाचेत किंचित खुळखुळत होती, काकूंना दिसत होतं. त्यांनी खुर्चीतल्या काकांना विचारलं, तुम्हाला काही ऐकू येतं का हो? काकांनी पान उलटलं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "साखळी राहू दे."

इतकं शुद्ध, इतकं स्वच्छ. काका आता सगळंच तसं बोलत होते. खोटं कशाला बोला, काकूंना ते आवडत होतं. ताटात उष्टं राहत नव्हतं. घरभर चेन सरकवायचे छोटे छोटे रनर सांडत नव्हते, नाहीतर पूर्वी पायाखाली एक तरी यायचाच. अंघोळीनंतर टॉवेल दोरीवर पडत होता. मुलीचा फोन आला तेव्हा ती काकांशी बराच वेळ बोलली आणि मग आईला म्हणाली, बाबा किती छान बोलतात गं हल्ली, मला शाळेतल्या सरांशी बोलल्यासारखं वाटलं. तुझ्या मेहनतीचं चीज झालं शेवटी. काकू हसल्या. मुलीच्या बोलण्यात कौतुक होतं, पण नेमकं तेच कौतुक काकूंना खटकलं. मुलीला तिचे बाबा शाळेतल्या सरांसारखे आजवर कधी वाटले नव्हते.

मग ती उशीची गोष्ट झाली. दिवाणावरच्या उशीचा अभ्रा काढताना त्याची चेन मधेच अडली. काकूंनी सवयीनं उशी काकांच्या मांडीवर टाकली आणि त्या आत गेल्या. असली कामं काका न बघताच करत. बोलता बोलता, चहाचा घोट घेता घेता बोटं दोनदा मागेपुढे व्हायची आणि चेन सुतासारखी सरळ.

काकू बाहेर आल्या तेव्हा उशी तशीच मांडीवर होती. काका तिच्याकडे बघत होते. त्यांनी रनर दोन बोटांत धरला होता, पण कसा, तर मेलेला किडा धरावा तसा.

"ही बिघडली आहे," ते म्हणाले. "दुरुस्तीला देऊ या."

काकू "हो" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? त्यांनी उशी घेतली, आत नेली, कपाटात ठेवली आणि कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाहेरच्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा. इतक्या भराभर कोणी वाचत नाही, हे ज्यांचा जन्म वाचण्यात गेला त्या काकूंना कळत होतं. पण त्यांनी स्वतःला सांगितलं की पाठ दुखत असेल बिचाऱ्यांची, लक्ष लागत नसेल.

४

त्या संध्याकाळी काकूंनी दार उघडलं. म्हणजे उघडलं असं नाही, साखळी तशीच ठेवून चार बोटं किलकिलं केलं. जिन्यात मिट्ट काळोख. घरातल्या उजेडाची एक पट्टी बाहेर पडली, तिच्यात एक बाही दिसली, मळकी, आणि खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा. मेणबत्तीच्या मेणाचा वास आला. काका अडलेल्या चेनवर मेणही घासत, त्यांच्या अंगाला तो वास कायमचा चिकटलेला असे. गेले काही दिवस घरात तो वास नव्हता, हे काकूंच्या तेव्हा लक्षात आलं.

"कोण आहे?"

"कोण म्हणजे? मी. चेन काढ." आवाजात राग नव्हता. फक्त थकवा होता, उन्हातून लांब चालत आल्यासारखा.

काकूंनी सांगितलं, अगदी ठामपणे सांगितलं, जसं एखाद्या विक्रेत्याला दारातून परत पाठवावं तसं.

"आमचे हे घरात आहेत."

पट्ट्यावरचा हात हलला. मग आवाज आला, खालच्या पट्टीतला.

"कोण घरात आहे?" आणि मग अजून हळू, फटीला तोंड लावून, "अगं, घरात कोण आहे? तू बरी आहेस ना?"

मागे खुर्चीत वर्तमानपत्राची सळसळ थांबली. काकूंनी धाडकन दार लावलं.

पाठीमागून काकांनी विचारलं, साखळी नीट बसली ना? काकू म्हणाल्या, बसली. बाहेरचा माणूस बराच वेळ गेला नाही. त्यानं पुन्हा टकटक केली नाही, हाक मारली नाही, फक्त दारापाशी उभा राहिला. दाराला टेकून उभा असावा, कारण फळी किंचित करकरली. नंतर पावलं उतरू लागली. दर थोड्या पायऱ्यांवर थांबत होती.

अंथरुणात पडल्यावर काकूंना ते सुचलं. चोर असता तर पैसे विचारले असते. वेडा असता तर आरडाओरडा केला असता. तू बरी आहेस ना, हे कोण विचारतं? शेजारी काका झोपले होते, पाठीवर, सरळ, हात दोन्ही बाजूंना. घोरत नव्हते. काकूंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि रडून घेतलं. आपण काय करून बसलो, याचा त्यांना अजून नीट अंदाज नव्हता. पण करून बसलो, एवढं कळलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी मुद्रितं द्यायची आहेत असं सांगून काकू बाहेर पडल्या आणि सरळ बसस्टँडवर गेल्या.

दुकान उघडं होतं. कोनाड्यात सतरंजी अंथरलेली, तिच्यावर मेणबत्तीचं थोटूक, बोटभर उरलेली पेन्सिल, रनरचा डबा. माणूस नव्हता. शेजारच्या पेटीवर चावीवाला बसला होता, काकांचा जुना दोस्त. काकूंना बघून तो उठला, पण रोजच्यासारखा हसला नाही.

"काकू, एवढं काय हो भांडण?" तो म्हणाला. "म्हातारा माणूस आहे. उघडा की दार."

काकूंनी विचारलं, ते कुठे आहेत? चावीवाल्यानं सांगितलं ते असं. काका रोज आहेत तसे येतात. डबा नसतो, शर्ट तोच. विचारलं तर म्हणतात, ती रागावली आहे, दार उघडत नाही, काय चुकलं ते सांगत नाही. झोपतात इथेच, या फळीवर. चावीवाल्यानं आपल्या घरी चला म्हणून हजारदा सांगितलं, तर नको म्हणाले. तुझ्याकडून संध्याकाळी घर लांब पडेल, मला रोज जाऊन यायचं असतं.

काकूंनी पेन्सिलीचा तो तुकडा उचलला आणि परत ठेवला.

"आणि ती पाटी बघा," चावीवाला म्हणाला. "परवा खिळा घेऊन बसले होते. म्हणे, तिला या पाटीचा फार राग आहे, निदान एवढं तरी करतो."

काकूंनी वर पाहिलं. चैनवरची एक मात्रा खरवडून काढली होती. कशीबशी, रंगाबरोबर लाकडाचे टवकेही निघाले होते. आता ते 'चेन' होतं. चावीवाल्यानं वातावरण हलकं करायला म्हटलं, काकांची चैन गेली बघा सगळी, आणि मग काकूंचा चेहरा बघून जीभ चावली.

काकूंना वाटलं, इथेच बसून राहावं. त्या बसल्यादेखील, सतरंजीवर, रनरच्या डब्याशेजारी. मेणाच्या वासात त्यांना भडभडून आलं. या माणसानं कधी आपल्यावर आवाज चढवला नाही. कधी कशाला नाही म्हटलं नाही. आणि आपण त्याचा एक शब्द धरून बसलो, भाकरीतला खडा धरून बसावं तसं. लाज वाटली, फार लाज वाटली. या घटकेला तो समोर येता तर त्या चारचौघांत त्याचे पाय धरणार होत्या.

पण तो आला नाही. चावीवाला म्हणाला, एका प्रवाशाची बॅग द्यायला पलीकडच्या वस्तीत गेले आहेत. तिथून ते परस्पर घराकडेच जातील, तुमच्या. तुम्ही इथे बसाल आणि ते तिकडे दार वाजवत राहतील.

काकू उठल्या. उन्हं उतरत होती. वाटेत चालता चालता त्यांनी मनाशी सगळं नक्की केलं. घरात जो कोणी बसला आहे त्याला काही कळू द्यायचं नाही. टकटक झाली की दार सताड उघडायचं आणि बाहेर पडायचं. या मजल्यावरून, या घरातून, जमलं तर या गावातूनही, पण दोघांनी. आणि फसायला नको म्हणून खूणही पक्की केली. घरातला तो एकदाही चुकून 'चेन' म्हणालेला नाही. त्याला तो शब्दच येत नाही. तेव्हा चेन काढ अशी हाक आली की उघडायचं. बस्स, तेवढा एक शब्द ऐकायचा.

६

घरात सगळं नेहमीसारखं होतं. काका खुर्चीत होते. काम झालं का, त्यांनी विचारलं. झालं, काकू म्हणाल्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या, भांडी उगाच इकडची तिकडे केली, आणि दिवेलागण झाली तशा केर काढायच्या निमित्तानं दारापाशी आल्या.

साखळी तेव्हाच काढून ठेवता आली असती. नुसतं बोट लावायचं होतं. पण आधी खात्री, मग सही, अशी काकूंची सगळी उमर गेली. तपासल्याशिवाय त्यांनी एक ओळ कधी पुढे पाठवली नव्हती. केरसुणी हातात धरून त्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या.

पावलं आली. तिसऱ्या मजल्याच्या आधी दोनदा थांबली. आज दम खाणं संपेचना. काकूंना त्या श्वासाची घरघर ऐकू येत होती, मधे फक्त एक फळी. एवढा दमला आहे हा, आणि जेवला कुठे असेल?

टक.

एकच. मग बराच वेळ काही नाही. बोल, काकू मनात म्हणाल्या. बोल ना. त्यांचं बोट साखळीवर होतं.

"साखळी काढ गं," बाहेरून आवाज आला.

काकूंचं बोट जागच्या जागी थिजलं. हा तो शब्द नव्हता. हा घरातला शब्द होता. त्यांनी मागे वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"साखळी," आवाज पुन्हा म्हणाला, शाळेत नवा धडा म्हणावा तसा एकेक अक्षर सांभाळून. "बरोबर म्हणतोय ना आता? सा-ख-ळी. पाठ केलं मी. आता काढ."

ते ऐकलं आणि काकूंना कळलं. पण कळायला एक क्षण जावा लागला, आणि माणसाला परत फिरायला तेवढा पुरतो. बाहेर एक नि:श्वास ऐकू आला. पावलं वळली. पहिली पायरी उतरली, दुसरी उतरली.

काकूंनी केरसुणी टाकली. साखळी ओढली तर ती खाचेतून निघेना. उलट ढकलली, पुन्हा ओढली, नख मोडलं. निघाली एकदाची. दार सताड उघडून त्या उंबरठ्याबाहेर आल्या. काळोखात खालच्या वळणावर त्यांना कठड्यावर सरकत जाणारा एक हात दिसला, घरातल्या उजेडाच्या पट्टीत क्षणभर आलेला. अंगठा काळा होता.

काकूंनी हाक मारली. जी आयुष्यभर मारली तीच. दुसरी त्यांच्यापाशी नव्हतीच.

"अहो!"

"ओ," खालून उत्तर आलं, तात्काळ, इतक्या आनंदानं की काकूंचा जीव गलबलला.

"ओ," त्यांच्या कानापाशीही कोणीतरी म्हणालं.

तोच आवाज. तीच पट्टी. एक स्वच्छ, कोरडा हात मागून येऊन काकूंच्या कोपराभोवती मिटला, अगदी हळुवारपणे. काकूंनी मान वळवली नाही. वळवली असती तर काय दिसलं असतं, याची त्यांना कल्पनासुद्धा करायची नव्हती. त्यांनी सगळा जोर लावून कोपर हिसडलं आणि त्या ओरडल्या.

"तुम्ही नाही!"

खालच्या पायऱ्यांवर वर येऊ लागलेली पावलं थांबली.

खालच्यानं ते स्वतःलाच लावून घेतलं, हे काकूंच्या लक्षात आलं. अहो, तुम्ही नव्हे, तुम्ही, असं काहीतरी त्या बोलू लागल्या, पण जो शब्द वरच्याला लागत होता तोच खालच्याला लागत होता. अहो म्हणावं तर दोघेही. तुम्ही म्हणावं तर दोघेही. अख्खा शब्दकोश तपासणाऱ्या बाईकडे स्वतःच्या नवऱ्यासाठी असा एकही शब्द नव्हता, की जो फक्त त्यालाच कळेल. नाव होतं. ते त्यांनी कधी जिभेवर घेतलं नव्हतं, आणि आता जीभ वळेना. कोपरावरची बोटं थोडी अजून घट्ट झाली.

"बरं," खालून आवाज आला.

तक्रार नव्हती त्यात. चूक कबूल केल्यासारखा होता. मग पावलं उतरू लागली, आणि या खेपेला मधे कुठेच थांबली नाहीत.